डिकीत लपवलेली बाटली

मित्रांनो, मी आत्ता जरीपटक्यातल्या एका हॉस्पिटलात आयसीयूच्या बाहेर बसून हे लिहितो आहे.

दुपारी शेजारच्या सुनेला उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ गळत होती, श्वास घरघरत होता. सासू म्हणाली, "शिळा भात बाधला." मग शुद्ध हरपत चाललेल्या पोरीला न्हाऊ घालून धुतलेली साडी कशाला नेसवली? कसला वास घालवायचा होता?

इथे आणल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पोटात काय गेलं?" नवरा आईच्या तोंडाकडे पाहत राहिला. मी त्याला बाहेर ओढलं.

"काहून लपवून राहिला गा?"

"काका, पोलीस केस होते न. घराची इज्जत जाते."

"अन् बायको गेली तर इज्जतीले चाटशील का?"

तेव्हा कुठे त्याने स्कूटरच्या डिकीतून ढेकणांच्या औषधाची बाटली काढली. डॉक्टरांनी ती वाचली आणि लगेच त्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं.

ती अजून शुद्धीवर नाही. विष तिने घेतलं की तिला दिलं, मला माहीत नाही. सासू दोनदा म्हणाली, "तुम्ही जा न घरी भाऊ, आम्ही आहो."

म्हणूनच मी उठलो नाही. तुम्ही उठला असता?