डोंगरावरच्या टाक्यापाशी झाडलेल्या दोन गोळ्या

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. मी विट्याचा. आमच्याकडच्या कितीतरी घरांसारखा आमचाही धंदा गलाईचा... म्हणजे जुनं सोनं वितळवून, ॲसिडमध्ये घालून शुद्ध करून द्यायचं. कोइमतूरला आमचं दुकान आहे. ज्याचा दिवस आग आणि ॲसिडसमोर जातो त्याला असलं काही सुचत नाही. अजूनही कुणी अंगारा दिला तर मी खिशात ठेवतो आणि विसरतो. तरी हे लिहितोय, कारण बायको सोडली तर ही गोष्ट मी पूर्ण कुणालाच सांगितलेली नाही. पोलिसांनाही नाही.

आधी रिव्हॉल्व्हरचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. चार वर्षांपूर्वी भर दुपारी दोघंजण दुकानात शिरले. माझीच सांडशी उचलून माझ्या डोक्यात घातली. अकरा टाके पडले. शुद्धीवर आलो तेव्हा कामावरचा माझा चुलतभाऊ शेजारी लोळत होता, त्याच्या तोंडावर ॲसिड फेकलं होतं. त्याचा एक डोळा गेला. त्यानंतर मी लायसन्ससाठी अर्ज केला. पोलीस चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, हेलपाटे... सगळं रीतसर होऊन दीडेक वर्षानं हातात आलं. पॉइंट थर्टी टू, सहा गोळ्यांचं, आणि लायसन्स अख्ख्या देशात चालेल असं. लग्नात, जत्रेत, देवळात मी ते नेत नाही. एरवी कमरेला असतंच.

शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मला डोंगर चढायची आवड लागली. माझी सासुरवाडी कोरेगाव. तिकडं गेलो की मी आणि सुजाता, माझी बायको, एखादा डोंगर गाठायचोच. मेहुणा चिडवायचा, दाजी, डोंगरावर कुणावर चालवणार, वानरांवर? मी हसायचो. पण कमरेला ते नसलं की मागून कुणीतरी येतंय असं वाटत राहायचं, हे त्याला काय सांगणार.

गावाचं नाव देत नाही, केस कोर्टात आहे. एवढंच सांगतो की कोरेगाव तालुक्यातलाच एक छोटा गड आहे. अभयारण्य वगैरे काही नाही, गायरानाचा उघडा डोंगर. पायथ्याला मारुतीचं देऊळ, तिथं गाडी लावायची. वर जायला एकच पायवाट. एका बाजूला कातळ, एका बाजूला उतार, त्यामुळे वाट सोडून कुणी वर-खाली करू शकत नाही. हे लक्षात ठेवा. पाऊण तासानं कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि पायऱ्या संपल्या की डाव्या हाताला कोरलेलं पाण्याचं टाकं. वाकून आत शिरावं लागतं. आत अंधार, एका कडेला बसण्यापुरता दगडी ओटा, आणि ओट्याला लागून हिरवं-काळं पाणी. किती खोल, कुणाला माहीत नाही.

भाऊबीज होऊन गेली होती, सुजाता आधीच माहेरी आलेली होती. शनिवारी सकाळी मी कोइमतूरहून रेल्वेनं मिरजेला उतरलो, तिथून कोरेगाव. रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला आम्ही दोघं डोंगरावर होतो. सुजाताचा गुडघा दुखत होता म्हणून ती मागं राहिली. म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी येते बसत-उठत.

पायऱ्या दिसायला लागल्या आणि पाठीमागं पाय घासत चालल्याचा आवाज आला. मी वळलो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक पोरगा. आकाशी निळा फुल शर्ट. डाव्या खांद्यापासून दंडापर्यंत मांस उघडं पडलेलं, आणि त्याच हाताची दोन बोटं कातडीला लटकत होती.

"दादा, दोघं येत्यात पाठीमागनं," तो म्हणाला. "वर चला."

मी सुजाताबद्दल विचारलं, खाली एक बाई भेटली का. तो वर पायऱ्यांकडंच बघत होता. मोबाईल काढला तर रेंज नव्हती. माझ्या गळ्यात टॉवेल होता, कोइमतूरकडं मिळतो तसला पांढरा, लाल काठाचा. त्यानं त्याचा दंड करकचून बांधला. दोन गाठी मारल्या. बांधताना जाणवलं, त्याचे कपडे ओलेचिंब होते आणि अंग गार होतं. घाम असेल, रक्त गेल्यामुळे गार पडलं असेल... तेव्हा माणूस असाच विचार करतो.

त्याला खांद्याचा आधार देऊन पायऱ्या चढवल्या. टाक्यात तोच आधी शिरला. ओट्यावर, अगदी आतल्या टोकाला जाऊन बसला. मी बाटली पुढं केली. त्यानं तोंड फिरवलं.

"पाणी लय झालं," म्हणाला.

मला वाटलं वाताच्या भरात बोलतोय. नाव विचारलं, ते त्यानं सांगितलं. इथं मी त्याला अमोल म्हणतो. पायथ्याच्या गावाशेजारच्याच गावाचा. कुणी मारलं विचारलं तर म्हणाला, तिच्या भावांनी. कोण ती, ते विचारायच्या आधीच पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला.

मी टाक्याच्या तोंडाशी बाहेर आलो. दोन माणसं. एकाच्या हातात ऊसतोडीचा कोयता, दुसऱ्याच्या खांद्यावर पोतं आणि दोरखंड. मला बघून दोघंही थबकले. मी रिव्हॉल्व्हर काढलं आणि ओरडून सांगितलं की लायसन्सचं हत्यार आहे, भरलेलं आहे, एक पाऊल पुढं टाकू नका, आत जखमी माणूस आहे.

माझ्या त्या शेवटच्या शब्दांवर त्यांनी एकमेकांकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेलो नाही. पोतंवाल्याचा चेहरा पांढरा पडला. कोयतेवाला मात्र म्हणाला, "आत कोन न्हाई. बाजूला हो." आणि चालत आला.

मी हवेत गोळी झाडली. कातळात असा आवाज घुमला की माझेच कान बधिर झाले. पोतंवाला दोरखंड टाकून पळाला. कोयतेवाला थांबला नाही. मी डावा हात आडवा धरला म्हणून, नाहीतर वार मानेवर होता. कोयता कोपराच्या खाली हाडापर्यंत शिरला. दुखलं नाही. फक्त गरम वाटलं. त्यानं कोयता उपसून पुन्हा उचलला आणि मी त्याच्या गुडघ्यावर दुसरी गोळी झाडली. दोन पावलांच्या अंतरावरून. वाटी फुटलेली मला दिसली. तो टाक्याच्या तोंडाशीच आडवा झाला, कोयता पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला.

इथपर्यंत सगळं कायद्यात बसतं. आता जे सांगतोय ते बसत नाही.

तो माणूस गुडघा धरून विव्हळत होता. हातात काही नव्हतं. पळता येत नव्हतं. त्याच्यापासून मला काही धोका उरला नव्हता. आणि माझ्या पाठीमागून, टाक्यातून, अगदी शांत आवाज आला.

"आता डोक्यात घाल."

मी मागं बघितलं नाही. मी खाली वाकलो आणि नळी त्या माणसाच्या कानशिलाला टेकवली. तो आवाज पुन्हा म्हणाला, घाल. मी व्हय म्हणालो. घोडा मागं ओढलेला मला आठवतो. माझ्या डोळ्यांसमोर तो माणूसही नव्हता... माझ्या दुकानाची फरशी होती, माझ्या भावाचं तोंड होतं. मला कुणी जबरदस्ती करत होतं असं मी म्हणणार नाही. मला ते हवं होतं. आयुष्यात कुठलीच गोष्ट मला इतकी हवीशी वाटली नव्हती.

खाली पडलेला माणूस माझ्याकडं बघतच नव्हता. तो माझ्या पायांमधून आत टाक्यात बघत होता. त्याचं विव्हळणं थांबलं होतं, ओठ नुसते हलत होते.

तेवढ्यात सुजाता पायऱ्या चढून वर आली. गोळ्यांचा आवाज ऐकून, गुडघ्याचं दुखणं विसरून पळत आली होती. तिनं जे बघितलं ते बघून एखादी किंचाळली असती. ती जवळ आली, माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि हळू विचारलं, "अहो... कुणाशी बोलताय?"

मी म्हणालो, आत पोरगा आहे ना, त्याच्याशी. तिनं वाकून आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तेव्हा कुठं मी वळलो. ओटा रिकामा होता. रक्ताचा थेंब नाही, ओल नाही, कोरडा ठणठणीत. बाहेर यायला दुसरी वाट नाही, मी आणि तो पडलेला माणूस मिळून तोंड अडवून होतो.

सुजातानं माझ्या बोटांतून रिव्हॉल्व्हर सोडवून घेतलं, घोडा कसा उतरवायचा ते मला विचारत विचारत उतरवला. मग ओढणीनं माझा हात बांधला. तिला मी विचारलं, वाटेत निळ्या शर्टाचा पोरगा तुझ्याजवळून गेला की नाही? ती म्हणाली, पोतं घेतलेली दोन माणसं गेली, मला वाटलं गवताला निघालीत. त्यातलाच एक आत्ता पळत खाली गेला. तिसरं कुणी नाही. वाट एकच आहे हे मी वर सांगितलंच.

पळालेला माणूस खाली देवळापाशी गावकऱ्यांच्या हाती लागला. पोलीस आले. माझं हत्यार, लायसन्सचं पुस्तक, उरलेल्या चार गोळ्या सगळं जमा झालं. मी एकच सांगत होतो, आत जखमी पोरगा होता. मला ते सांगणं भागच होतं... तो पोरगा नसेल तर मी डोंगरावर एका गावकऱ्याला गोळी घातली, एवढंच उरत होतं. इन्स्पेक्टर भला माणूस होता, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. पायात गोळी लागलेल्या माणसानं मात्र स्ट्रेचरवर चढवताना आपणहून तोंड उघडलं. म्हणाला, "त्यो बसलाय आत. त्येला काढा."

दुपारी गळ टाकून टाकं धुंडाळलं. दुसऱ्या प्रयत्नात निळा शर्ट वर आला.

कमरेला दगड बांधलेला होता. मारून तीन दिवस झाले होते, गुरुवारी. त्याचं आणि त्या दोघांच्या बहिणीचं जमलं होतं, म्हणून. प्रेत फुगून वर आलं तर कुणाला दिसेल या भीतीनं ते रविवारी पुन्हा दगड बांधायला आले होते. हे सगळं नंतर त्या दोघांनीच कबूल केलं.

आणि प्रेताच्या डाव्या दंडाला माझा टॉवेल होता. लाल काठाचा. कोपऱ्यात कोइमतूरच्या धोब्याची काळ्या शाईची खूण. दोन गाठी.

इन्स्पेक्टरनं मला दवाखान्यात येऊन विचारलं, तीन दिवस पाण्यात असलेल्या माणसाच्या हाताला तुमचा टॉवेल कसा? तो मी कसा बांधला ते सांगितलं, टाक्यातल्या आवाजाचं नाही. पुढचे चार दिवस माझ्यासाठी नरक होते, कारण आता मीच खुनात सामील असल्याचा संशय होता. दुकानाच्या कॅमेऱ्यात मी गुरुवारी दिवसभर भट्टीपाशी दिसत होतो, शुक्रवारचं रेल्वेचं तिकीट होतं, म्हणून सुटलो. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरनं म्हणे सांगितलं की कातडी फुगल्यानंतर कुणी असं बांधलं असतं तर ती निघून आली असती. टॉवेलखाली ती शाबूत होती, म्हणजे गाठी गुरुवारच्याच. कागदोपत्री एवढंच आहे की टॉवेल तिथं कसा आला हे निष्पन्न झालं नाही. पायात गोळी लागलेल्यानं नंतर आपला जबाब बदलला. आत कोण बसला होता, असं विचारलं की आता तो म्हणतो, मी असं बोललोच नाही.

माझ्या हातावर चौदा टाके आहेत, करंगळी वळत नाही. लायसन्स सध्या रोखलेलं आहे. ते परत मागायचा अर्ज मी अजून केलेला नाही.

महिन्यानं अमोलची आई कोरेगावात मेहुण्याच्या घरी आली. पन्नाशीची, वाळलेली बाई. दारातूनच जयभीम केला आणि बाहेरच्या पायरीवर बसली. आत या म्हटलं तर हितंच बरं हाय म्हणाली. सुजातानं हाताला धरून तिला आत आणलं, सोफ्यावर बसवलं, चहा दिला. बराच वेळ ती माझ्या हाताकडं बघत राहिली. तिला कुणीतरी गावात सांगितलं होतं की मला तिचा मुलगा दिसला. तीन दिवसांचा हिशोब तिनं काढला नाही. तिला एवढंच हवं होतं:

"काय म्हणला ओ त्यो शेवटाला?"

मी म्हणालो, "आईची आठवण काढली. मला लय दुखलं न्हाई म्हणून सांगा, म्हणाला."

ती मान हलवत राहिली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, तसाच व्हता, मुंगीबी मारत नव्हता. सुजातानं नजर खाली घातली.

त्या सकाळी माझ्या खांद्यावर कुणाचा भार होता, मी टॉवेल कुणाच्या दंडाला बांधला आणि टाक्यातून कोण बोललं, मला माहीत नाही. तो अमोल होता, की माझ्याच डोक्यातलं काहीतरी चार वर्षं वाट बघत होतं, हेही माहीत नाही. मग टॉवेलचं काय?

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. वकील म्हणतात, तुम्ही जखमी माणूस बघितला एवढंच बोला, बाकी कुणी विचारणार नाही. पण समोरचा वकील विचारेल. शपथेवर विचारेल, तो माणूस तुम्हाला काय म्हणाला. आणि ती बाई तिथं पहिल्या बाकावर बसलेली असेल.