शेजारच्या शेडवाल्याचं ठाम मत

शेजारच्या शेडवाल्यानं माझ्या भागीदाराला फसवलं आणि आमच्या वेल्डर गफूरभाईंची रोजी घालवली.

हा माणूस रोज चहाच्या आधी कारखानदारांच्या ग्रुपवर रोबोटचा व्हिडिओ टाकतो आणि खाली लिहितो, ‘माझं ठाम मत.’ बोलतानाही नजर मोबाइलवर आणि दर वाक्याला ‘लिहून ठेवा शेठ.’ वेल्डरचे दिवस संपले, हेही त्याचंच मत. भागीदारानं ते खरं मानलं, गफूरभाईंना घरी बसवलं आणि वेल्डिंगचा रोबोट आणला.

दुष्काळात आमच्याकडं पाण्याचे जुने टँकर दुरुस्तीला येतात. प्रत्येकाचा पोचा वेगळा, गळती वेगळी. रोबोट मात्र आखून दिलेल्या रेघेवरच चालतो. टँकर गळतच राहिले.

मी शेडवाल्याला गाठलं. “हा रोबोट चालताना तुम्ही कुठं पाहिला?”

“व्हिडिओत पाहिला ना शेठ! लई भारी.”

“मग तुमच्या शेडमधी का नाय?”

“आमच्याकडं वेल्डर हायेत की!”

संध्याकाळपर्यंत त्यानं ग्रुपवरची जुनी मतं पुसली आणि ड्रोनवर नवं टाकलं.

गफूरभाई आता बोलावूनही येत नाहीत, शहागंजात फळांची गाडी लावतात. या शहाण्यानं त्या गाडीपुढं उभं राहून सांगावं: स्वतःचे वेल्डर सांभाळून आमचा का घालवला?