शेजारच्या मशीनखालचं पोर

स्वातीच्या अतुलनं पाच वर्षांचा होईस्तोवर कुणालाच नावानं हाक मारली नव्हती. मारली ती शेजारणीला. "आबी," म्हणाला आणि आबिदाभाभींच्या शिलाई मशीनखाली शिरला. स्वाती दारातच उभी होती, हातात त्याच्यासाठी आणलेली पोह्यांची ताटली. ती तशीच घरी परतली आणि ताटली ओट्यावर आदळली.

बल्लारपूरच्या त्या वस्तीत दोन्ही घरांत मिळून एकच भिंत होती. स्वातीचा नवरा सुनिल कोळसा खाणीत टिप्पर चालवायचा, त्याची शिफ्ट कधी दिवसाची तर कधी रात्रीची. दोन्ही लेकरांचं पाहायचं ते स्वातीनंच. थोरली खुशबू आठ वर्षांची, स्वतःची वेणी स्वतः घालणारी. "हिचा मले काईच त्रास नाई," असं स्वाती सगळ्यांना सांगायची. अतुलचं मात्र वेगळं. कुकरची शिट्टी झाली की तो कान दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. गल्लीतून वरात गेली की जो जवळ असेल त्याला चावायचा. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पोरगा हट्टी नाही, त्याला आवाज सोसत नाहीत, बोलणंही उशिरा येईल. रागावू नका, त्याला शांत जागा द्या.

दोन खोल्यांच्या घरात शांत जागा कुठून आणायची? अतुलनं ती आपली आपणच शोधली. आबिदाभाभी ब्लाऊज शिवायच्या. नवरा बाबूभाई कूलर दुरुस्तीला बाहेर, मुलगा तौसीफ नोकरीला नागपूरला. भाभी अतुलला ये म्हणत नव्हत्या, जा म्हणत नव्हत्या. तो मशीनखालच्या चिंध्यांवर बसून लाकडी फळीला हात लावून ठेवायचा. मशीनची घरघर हाही आवाजच होता, पण तो त्याला चालायचा. का, ते कुणालाच कळलं नाही.

"तुमचा पोरगा आबिदाभाभीचं बरं ऐकते," असं बायका नळावर म्हणायच्या. स्वाती हसून बादली उचलायची. घरी आल्यावर अतुलच्या केसांतले रंगीत धागे वेचताना तिचे हात जरा जास्तच जोरात चालायचे. त्याला न्हाऊ घालून तो परक्या घराचा वास काढून टाकला की मगच तिला बरं वाटायचं.

एकदा ती माहेरी, मूल गावाला गेली आणि आईची जुनी मशीन भावाच्या ऑटोत घालून घेऊन आली. तिला शिवणं धड येत नव्हतं. खोलीत मशीन मांडली, खाली चिंध्या पसरल्या, अतुलला बसवलं आणि एका फडक्यावर सरळ टीप मारायला लागली. "बस रे राजा, बघ कशी चालते, तुले आवडते ना," असं तिचं बोलणं सुरूच. अतुल थोडा वेळ बसला, मग उठला आणि मागच्या दारानं निघून गेला. भिंतीपलीकडे भाभींची मशीन चालूच होती. स्वातीचं फडकं तिच्या सुईखाली अडकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती भाभींकडे गेली. "भाभी, डॉक्टरीणबाईनं सांगितलं, त्याले आता घरीच ठेवा म्हणून. तुमच्याकडे येऊ देऊ नका."

भाभींनी तिच्याकडे पाहिलं. "असं म्हणल्या?"

"हो."

"मग ठीक आहे."

त्या दुपारी अतुल भाभींच्या बंद दारापुढे बसून टाचा आपटत राहिला. आतून मशीनचा आवाज नव्हता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून भाभींनी काम थांबवलं होतं. स्वातीनं त्याला ओढत घरी आणलं तेव्हा तो तिच्या खांद्याला कचकन चावला. डोळ्यांत पाणी आलं, तरी तिच्या मनात आलं, निदान चावतो तरी मलाच.

पण तो जेवेना, झोपेना. तिनंच हार मानली आणि दार वाजवलं. "येऊ द्या त्याले," एवढंच म्हणाली. भाभींनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही, याचाही तिला राग आला.

पुढं एका संध्याकाळी भाभींनी तिला बोलावलं. खाटेवर एका नवरीचा भरजरी ब्लाऊज पडला होता, पुढून आडवा कापलेला. भाभी चहा टाकायला आत गेल्या होत्या तेवढ्यात झालं. खोलीत अतुल होता आणि त्याला न्यायला आलेली खुशबू. स्वातीला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. आता भाभी याला घरात घेणार नाहीत, या विचारानं तिला हलकं वाटलं.

"अतुलनंच केलं असंल," ती घाईनं म्हणाली. "त्याचा काई भरोसा नाई."

"जाऊ दे, लेकरू आहे," भाभी म्हणाल्या.

"मी कापला," खुशबू म्हणाली.

"तू? काऊन?"

खुशबू वेणीचं टोक ओढत उभी राहिली. "तो चावते तर तू त्याले मांडीवर घेते. इथी भाभी त्याले बसू देते. मी काई करत नाई, तर मले कोणीच घेत नाई."

स्वातीला तिला मारताही येईना, जवळही घेता येईना. भाभींनी ब्लाऊजची घडी घातली. "तौसीफ लहानपणी माझ्या सासूले चिकटून राहे," त्या म्हणाल्या. "मी कितीतरी दिवस सासूशी बोलली नाई. तिच्या हातचं खातही नव्हती."

भाभींना सगळं ठाऊक होतं हे स्वातीला तेव्हा कळलं. भाभींनी उरलेल्या कापडातून ब्लाऊजचा पुढचा भाग नवा जोडला.

तेव्हापासून शाळा सुटल्यावरचा वेळ खुशबूचा झाला. अतुल भाभींकडे आणि खुशबू आईजवळ. सुरुवातीला ती मांडीवर अवघडून बसायची, पाहुण्याच्या घरी बसावं तशी. मग हळूहळू भाजी नको म्हणायला लागली. एकदा तिनं रागानं कंपास फेकून मारला. स्वाती चकित झाली. ही पोरगी शांत नव्हतीच, नुसती गप्प राहत होती. स्वाती तिला रागावली, पण मनातून तिला बरं वाटलं.

यंदाच्या उन्हाळ्यात भाभी थोडे दिवस तौसीफकडे नागपूरला गेल्या. स्वातीनं त्यांना डब्यात चिवडा भरून दिला आणि मनातून खूश झाली. आता अतुल आपल्याजवळ येईल. पहिला दिवस तो कुलपापुढे बसून होता. दुसऱ्या दिवशी उठून घरी आला, तिच्या पसरलेल्या हातांपाशी क्षणभर थांबला, आणि खाटेवर चित्र काढत बसलेल्या खुशबूच्या पाठीला पाठ लावून बसला.

स्वाती पुढं सरकली. "अतुल, इकडे ये ना बाबू. आई बोलावून राह्यली ना तुले."

"आई, तू बोलू नको," खुशबू मान वर न करता म्हणाली. "तो बसला ना आता."

स्वाती दाराशीच खाली बसली. छातीत हेव्याची तीच जुनी कळ उठली, या वेळी पोटच्या पोरीमुळे. तिचं तिलाच हसू आलं, पण कळ काही गेली नाही. ती बोलली मात्र नाही.