माशाची सही

शिकत असताना मी द हेगमध्ये, जुनी कागदपत्रं जपणाऱ्या एका कार्यालयात वाचकांना पेट्या आणून द्यायचो. तिथे आठवडाभर एक अमेरिकन आजोबा येत होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी जहाजाने अमेरिकेत जाऊन वसलेला आपला पूर्वज ते शोधत होते. तो सरदार होता, असं ते सगळ्या नातेवाइकांना सांगून बसले होते. घराण्याचं चिन्ह म्हणून इंटरनेटवरून विकत घेतलेला सिंह त्यांच्या टोपीवर भरलेला होता. प्रत्येक पान उलटण्याआधी ते टोपी सारखी करत.

शुक्रवारी पूर्वज सापडला. जहाजावर चढण्याआधीच्या करारात त्याचा धंदा लिहिला होता, मासे खारवणं. लिहिता येत नसल्याने सहीच्या जागी त्याने एक वाकडा मासा काढला होता.

"सॉरी," मी पुटपुटलो.

"सॉरी कशाला? सिंह काय, कोणालाही विकत मिळतो!" टोपी खिशात कोंबत ते म्हणाले. मग डोळे मिचकावत विचारलं, "तुमच्या घरात पहिली सही कोणाची?"

"माझीच," मी चाचरत म्हणालो. "वडील अजून अंगठा उठवतात."

"मग नीट करत जा. पुढे कोणीतरी विमानाने बघायला येईल."

जाताना त्यांनी नोंदवहीत सही म्हणून मासा काढला. खाली, पेटी परत मिळाल्याची, मला सही करायची होती. एरवी मी नुसता फराटा ओढायचो. त्या दिवशी वडिलांच्या नावासकट अख्खं नाव लिहिलं, देवनागरीत.

"हे कोण वाचणार?" कार्यालयातल्या आमच्या वरिष्ठ बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "तो अजून यायचाय."