मूर्ती रनवेवर नव्हत्या

मंडळी, विमानतळावरचं सगळं काँक्रीट म्हणजे रनवे, असं तुम्हालाही वाटतं का? मला आज दुपारपर्यंत वाटायचं.

पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे. डोळ्यांची आखणी मी करते. शाडूच्या अकरा मूर्ती विमानाने मस्कतला पाठवल्या होत्या. आज तिथून फोटो आले. खोके भिजलेले, माती सुटलेली, मी आखलेले डोळे गालांवर ओघळलेले.

माल पाठवतो तो रोह्याचा प्रमोद. मी त्याला राखी बांधते. खोक्यांना प्लास्टिक गुंडाळू का, असं मी विचारलं होतं. "कशाला गो ताई? रनवेवर एक मिनिट पन ठेवनार नाय."

दुपारी तो घरी आला. चहा पिता पिता त्याने पावतीच्या मागे चित्र काढून दाखवलं. विमान उडतं-उतरतं तो रनवे. तिथवर जायचा रस्ता म्हणजे टॅक्सीवे. विमान उभं करून माल चढवतात ते एप्रन.

"खोके एप्रनवर व्हते, दोन तास, पावसात. रनवेवर कोन काय ठेवतच नाय, ताई. मी खोटं नाय बोललो."

नाहीच बोलला. पण रनवेवर कोणी काही ठेवत नाही, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. हेच चित्र त्या दिवशी काढलं असतं, तर मी प्लास्टिक गुंडाळलं असतं.

आपल्या माणसाने शब्द दिला की तो उलटून पालटून बघता का तुम्ही? मी नव्हता बघितला.