पायथ्याचे काका

कुणी चुकीचं बोललेलं कानावर पडलं की काकांचे पाय जागच्या जागी थांबायचे. मग एसटी सुटो, नाहीतर सोबतचं माणूस रडकुंडीला येवो. समोरच्याला पटवल्याशिवाय ते पुढचं पाऊल टाकायचे नाहीत, आणि समोरच्याला सहसा पटायचं नाही. खालापूरजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीत ते सगळ्यांचेच काका. कुंभिवलीच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. मी मात्र मनातल्या मनात त्यांना पायथ्याचे काका म्हणायचे. का, ते सांगते.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील म्हणत होते, कॉमर्स घे, बँकेत चिकटशील. काका म्हणाले, "बँकेत बसाया ढीगभर हायत. आपल्यातल्या कुणीतरी इतिहास शिकाय पायजे गं." मी इतिहास घेतला, बीए झाले. त्याचा अभिमान मला आजही आहे, उगाच लपवत नाही. निकाल लागला तशी काकांनी फर्माईश केली, "आता मला नाशिकची बुद्धलेणी दाव. तू सांग, मी ऐकतो." तिथल्या चैत्यगृहातल्या स्तूपाला फुलं वाहायची आणि वंदना म्हणायची, एवढीच त्यांची इच्छा. कर्जतला गाडीत बसताना पांढऱ्या शेवंतीचा पुडा त्यांनी छातीशी धरला होता.

नाशिकला उतरलो. रिक्षावाल्यानं विचारलं, "पांडवलेणी ना?"

झालं!

"पांडव इथं वनवासाला आलते का डोंगर फोडायच्या कामाला लागलते रं?"

"काका, सगळे तसंच म्हणतात."

"उद्या सगळ्यांनी तुझ्या बापाचं नाव बदललं तर चालंल तुला? ही आमची पोरगी बीए हाय. सांग गं ह्याला!"

आणि मी भर रस्त्यात, हॉर्नच्या गोंगाटात, सातवाहन, भिक्खू, शिलालेख असं सगळं घडाघडा म्हणून दाखवत उभी. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "बरोबर असेल ताई. बसताय का?"

डोंगराच्या पायथ्याशी तर मेळाच भरलेला. पेरूवाली, रसवाला, सहलीला आलेली कुटुंबं, आणि सगळ्यांच्या तोंडी पांडव. काका एकेकाला धरून समजावत राहिले. गेट बंद व्हायची वेळ झाली, पुड्यातली फुलं कोमेजली, आणि आम्ही लेणी न बघताच परत फिरलो.

गाडीत काका म्हणाले, "रसवाला तरी गप बसला गं."

"गिऱ्हाईक आलं म्हणून गप बसला तो, काका!"

पुढच्या प्रत्येक खेपेलाही हेच. नाशिकचं काही म्हणजे काही बघून झालं नाही. आमच्या कर्जतजवळची कोंढाण्याची लेणी मात्र काकांनी कोपरा न् कोपरा बघितली होती. तिथं रानात वाद घालायला कुणी भेटत नाही ना!

शेवटच्या खेपेला काकांना दम लागत होता. मी रिक्षात बजावलं, "आज कुणाशी बोलायचं नाही." ते बोललेही नाहीत. पण दोन-चार पायऱ्या चढले आणि मटकन खाली बसले. रसवाल्यानं बाकडं दिलं. काकांनी पुडा माझ्या हातात ठेवला. "तू हो पुढं. फुलं वाहा. मी ह्याला जरा समजावतो."

मी चिडून चढले. इतकी वर्षं पाय धड होते तेव्हा हा माणूस खालीच भांडत राहिला, आणि आता पाय राहिले नाहीत! वर गार अंधारात स्तूपापुढं फुलं ठेवली, वंदना म्हटली. खाली येऊन काकांना सगळं सांगितलं. स्तूप केवढा आहे, कमानीतून उजेड कसा आत येतो. ते डोळे मिटून ऐकत होते. चेहरा कसा निवळला होता.

रसवाला ग्लास पुढं करत म्हणाला, "पांडवांनी कामच तसं केलंय."

काकांनी डोळे उघडले. त्या दिवशी आमची परतीची गाडी चुकली.

काका गेले. ह्या हिवाळ्यात मी माझ्या नववीतल्या लेकीला घेऊन नाशिकला गेले. शेवंती घेतली. ठरवलंच होतं की वाद घालायचा नाही, सरळ वर जायचं. रिक्षावाला "पांडवलेणी" म्हणाला, मी गिळलं. पायथ्याशी तोच रसवाला कुठल्याशा कुटुंबाला सांगत होता, "एका रात्रीत कोरली पांडवांनी. इथं खालापूरचे एक काका यायचे, ते म्हणायचे बुद्धाची आहेत. आता खरं काय, देव जाणे."

माझे पाय थांबले.

"देव कशाला जाणेल, दादा? वर दगडात कोरून ठेवलंय!"

"आई, चल ना. गेट बंद होईल," लेक हात ओढू लागली.

मी पुडा तिच्या हातात दिला. "तू हो पुढं. काकांची फुलं वाहा. मी ह्यांना जरा समजावून येते."