सरांसमोर न पडण्याची गोष्ट

आमचे जुजुत्सूचे सर कधी बसत नसत. चहा उभ्याने, पोहे उभ्याने. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगायच्या, "लग्नात पाटावर बसवायला दोघांनी खांदे दाबून धरले होते."

कांदिवलीला सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा क्लास. शैली स्वतःची! जपानी जुजुत्सू एका शिबिरात शिकले, त्यात जुडो कालवला, गावच्या कुस्तीचे दोन डाव घातले आणि विसावं शतक संपता संपता स्वतःला संस्थापक जाहीर केलं. जगभर अशा शैली निघत होत्या, मग कांदिवलीनेच काय घोडं मारलं होतं?

अभ्यासक्रम दर आठवड्याला बदलायचा. "सर, परवा तर हेच बरोबर होतं!"

"परवा मी बावळट होतो. आज तू आहेस. धर मनगट."

मी त्यांचा लाडका पडणारा. मी मनगट धरायचं, सरांनी कंबर फिरवायची, की मी हवेतून असा काही जायचो की पालक टाळ्या वाजवायचे. क्लासची रीतच होती ती: सरांचा हात हलला की पडायचं, आदर म्हणून. पाठ माझी, टाळ्या त्यांच्या. वर्षानुवर्षं.

साठीनंतर सरांची चुळबुळ वाढली. मोबाइलवर ब्राझिलियन जुजुत्सूच्या लढती बघत हॉलभर फेऱ्या. तिथे आदर म्हणून कुणीच पडत नव्हतं. एका रविवारी सगळे गेल्यावर त्यांनी दार लावलं.

"खरं सांग रे, मी फेकतो की तू उडी मारतोस?"

"सर, तुम्हीच..."

"मेल्या, खोटं बोलू नको. आज पडू नको. सगळं आयुष्य घातलंय मी यात."

मी पाय रोवले. सरांनी कंबर फिरवली. मी उभा. पुन्हा फिरवली. उभाच. तिसऱ्यांदा धापा टाकत त्यांनी कपाळ माझ्या खांद्याला टेकलं.

"वाट लागली," सर पुटपुटले. मग एकदम मान वर करून म्हणाले, "गोरेगावला शिकवतात ना ते ब्राझिलियन?"

आमचा क्लास त्यांनी माझ्या गळ्यात घातला आणि पुन्हा त्या हॉलची पायरी चढले नाहीत. महिन्याभराने मी गोरेगावला डोकावलो. नवशिक्यांच्या रांगेत शेवटी आमचे संस्थापक, कमरेला पांढरा पट्टा! विशीतल्या एका मुलीने त्यांना मॅटवर लोळवून असं आवळलं की सरांनी फटाफट हात आपटले. हरलो, सोड!

सर बाहेर आले ते कान लालबुंद, केस विस्कटलेले, डोळे चमकत.

"बघितलंस?" माझा दंड गच्च धरून ते ओरडले, "पोरगी सोडायलाच तयार नव्हती रे!"